मारोतीचे दहा किलो

काकाजींना माणसाचं नाव लक्षात राहत नसे, वजन राहत असे. वणीहून चंद्रपूरकडे निघालं की गावाबाहेर त्यांचा धरमकाटा होता, म्हणजे कोळशाचे ट्रक आणि कापसाच्या गाड्या अख्ख्या चढवून तोलायचा तो जमिनीतला मोठा काटा. रस्त्याच्या या बाजूला माझं मेडिकल. दुकान उघडलं त्या पहिल्याच सकाळी हे गृहस्थ रस्ता ओलांडून आले. भला थोरला देह, पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अठ्ठावन्न." मी विचारलं, अठ्ठावन्न काय, गोळ्या पाहिजेत का? तर म्हणे गोळ्या नाही, तुम्ही. माझं डोकंच फिरलं. दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक, आणि ते बाईमाणसाचं वजन सांगत दारात उभं! दुपारी कोणी नाही असं पाहून मी दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. अठ्ठावन्न. त्यानंतर मी त्यांच्याशी भांडणं सोडलं असं नाही, पण जरा जपून भांडायला लागले.

गावात ते लोकांना हाका मारायचे त्याही अशाच. बाहत्तर गुरुजी, पंचाण्णव वकील, आणि माझ्या दुकानात औषधं पोचवायला येणारा तो बिचारा अठ्ठेचाळीस. माझं वजन मात्र माझ्या नवऱ्यासमोर त्यांनी कधी उच्चारलं नाही, एवढी रीतभात होती. लोक सोयरीक जमवताना त्यांचं मत घ्यायचे. एका मुलाबद्दल त्यांनी सांगितलं होतं की पोरगा हलका आहे, पण काट्यावर उभा राहतो तो बरोबर मधोमध, असा माणूस बायकोला त्रास देत नाही. कशावरून, हे विचारायची सोय नव्हती. लग्न झालं आणि मुलगा खरंच चांगला निघाला, त्यामुळे तर काकाजींना कोणी काही म्हणायचीच सोय उरली नाही.

त्यांच्या घरी पाहुणा गेला की आधी केबिनमधल्या लहान काट्यावर चढायचा, मग चहा-पोहे. निघताना पुन्हा काटा. रिकामी गाडी आणि भरली गाडी, ट्रकवाल्यांचा हिशेब. फरक पाहून काकाजी खूश व्हायचे, म्हणायचे आमच्या घरून कोणी हलका गेला नाही. काकी आतून ओरडायच्या की अहो, लाजवू नका लोकांना, मग लोक दुसऱ्यांदा पोहे मागत नाहीत. काकी बारीक, चटपटीत, आणि जिभेला तलवारीची धार. काकाजींना सगळं गाव घाबरायचं आणि काकाजी काकींना.

पण एक गोष्ट सरळ सांगते. त्या रस्त्यावर काटा मारणारे कमी नव्हते. गाडीत दगड टाका, चाक काट्याच्या कडेला ठेवा, आकडा थोडा इकडचा तिकडे करा, सगळे धंदे चालायचे. काकाजींकडे ते नव्हतं. एका मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याने एकदा मिठाईचा डबा आणि आणखी काहीतरी पुढे सरकवलं, तर काकाजींनी डबा काट्यावर ठेवला, वजन सांगितलं आणि परत दिला. तो माणूस वर्षभर त्यांच्या काट्यावर फिरकला नाही. मग दुसरीकडे चांगला फसला आणि मुकाट परत आला.

रोज सकाळी, पहिली गाडी चढायच्या आधी, काकाजी स्वतः त्या मोठ्या काट्यावर जाऊन उभे राहायचे. जिथं ट्रक उभे राहतात तिथं एकटा माणूस, दुपट्टा सावरत. केबिनमधल्या डब्यावर लाल आकडे पेटायचे, एकशेवीस. तो काटा दहा-दहानेच बोलायचा, मधले आकडे त्याला येतच नव्हते. आणि कित्येक वर्षं तो एकशेवीसच बोलत आला होता. तेवढं पाहिलं की काकाजी हनुमंताचं नाव घेऊन दिवसाचा पहिला ट्रक बोलवायचे. इतरांना वाटायचं, म्हातारा वजन पाहतो. त्यांचं म्हणणं उलटं होतं. ते स्वतःच्या अंगावर काटा तपासत होते.

भानगड सुरू झाली ती पायाच्या अंगठ्यापासून. चपलेत खडा शिरला, रुतला, आणि यांना कळलंच नाही. साखरेने पाय बधिर झालेले. काकींना पायपुसण्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. जखम काही भरेना. मग यवतमाळला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर फार वर आहे आणि वजनही, दोन्ही खाली आलं पाहिजे. आठवड्यातून एक इंजेक्शन पोटात घ्या. नाहीतर अंगठा काढावा लागेल, आणि काम अंगठ्यावरच थांबेल असं मी सांगू शकत नाही. हे ऐकून काकींनी परतीच्या एसटीत वणी येईपर्यंत त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेऊन ठेवला. 

काकाजी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. मी पुस्तकात पाहून महिन्याचा भाव सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "क्विंटलचा काय पडते?"

मी म्हटलं, काकाजी, औषध क्विंटलने कोणी घेत नाही. ते म्हणाले कोळसा, कापूस, तूर, सोयाबीन, सगळ्यांचा भाव क्विंटलवर कळतो, हे कोण लागून गेलं? शेवटी मी गणकयंत्र काढलं. एवढ्याशा पेनात औषध किती, त्याचा किलो, किलोचा क्विंटल. मलाच खोटं वाटलं म्हणून दुसऱ्यांदा केलं. तेहतीस कोटींच्या वर. काकाजींनी दुपट्ट्याने कपाळ पुसलं आणि हात जोडले. म्हणाले, एका क्विंटलात सगळे देव येऊन बसले की गं.

आणि घेतलं नाही. आपल्याकडे माणूस भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवतो, तसं हे भाव पडेल म्हणून चिठ्ठी खिशात ठेवून बसले. मी सांगून थकले की घरात ठेवलेल्या कापसाने फार तर अंगाला खाज सुटते, ठेवलेला अंगठा सडतो. पण ऐकतील ते काकाजी कसले. तिकडे माझ्या दुकानात गाडीतून उतरणाऱ्या बायका हळूच कानाशी येऊन ते बारीक व्हायचं इंजेक्शन मागायच्या, घरात लग्न आहे म्हणून. भाव कितीही सांगा, त्या पर्स उघडायच्या. मी डॉक्टरची चिठ्ठी मागितली की नाक मुरडून निघून जायच्या. ज्याला गरज त्याला परवडत नाही आणि ज्याला परवडतं त्याला गरज नाही, असा हा सगळा प्रकार. मला भयंकर राग यायचा आणि तो राग मी अठ्ठेचाळीसवर काढायचे.

मग देशी कंपन्यांची इंजेक्शनं आली आणि भाव खरोखर धपकन खाली आला. मी दुकान तसंच उघडं टाकून रस्ता ओलांडला. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं, आणखी पडेल का म्हणून विचारलं. काकींनी आतून लाटणं दाखवलं. काकाजी उठले आणि माझ्या मागोमाग आले. भाव पडला तरी महिन्याचा खर्च त्या दोघांच्या किराण्याएवढा होताच, पण आता तो माणसाच्या भाषेत बोलता येत होता. पेन कसं धरायचं, कुठे टोचायचं, फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवायचं, सगळं मी शिकवलं. सुईला हा एवढा मोठा माणूस इतका घाबरला की काकींनी त्यांचे डोळे पदराने झाकले.

इंजेक्शनने भूक मरते. ही गोष्ट डॉक्टरांनी काकाजींना सांगितली होती, पण रोडग्यांना कोणी सांगितली नव्हती. एका सोयऱ्यांच्या वावरात रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत होती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे. काकाजी पंगतीत असले की यजमानाला उत्साह यायचा, इतके ते मनापासून जेवायचे. त्या दिवशी एकच रोडगा खाल्ला आणि ताटावर हात आडवा धरला. यजमान समोर येऊन बसला, आग्रह केला, मग काही चुकलं का म्हणून हात जोडले. काकाजींना नुसते ढेकर येत होते. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादावरून काकाजी रुसले. शेवटी मी त्या घरी जाऊन सांगितलं की बापा, रोडग्यात काही खोट नव्हती, पोटात औषध आहे. काकाजींनी मात्र या साऱ्यावर एकच वाक्य बोलून ठेवलं. "उपाशी राह्यालेही पैसे लागतात, हे मले या वयात समजलं. आमच्या बापानं तं फुकट ठेवलं होतं."

अंगठा सुकत चालला. साखर उतरली. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, वजनही छान कमी होत आहे. काकाजींना ते मान्य नव्हतं. डॉक्टरचा काटा म्हणजे न्हाणीघरात ठेवायचं खेळणं. त्यांचा काटा रोज सकाळी एकशेवीसच बोलत होता, आणि जे त्या काट्यावर नाही ते जगात नाही. हे साखरेचं औषध आहे, साखर कमी झाली, झालं.

मग एका सकाळी थंडीत मी शटर वर करत होते आणि समोर पाहिलं तर काकाजी काट्यावरून खाली उतरत होते, पुन्हा चढत होते, पुन्हा उतरत होते. घरातून घोंगडी आणून अंगावर घेतली, पुन्हा चढले. मग त्यांनी काट्याच्या तोंडाशी साखळी बांधली आणि बाजेवर जाऊन बसले. तोवर कोळशाचे ट्रक यायला लागले होते. एक, दुसरा, मग रांगच लागली. भोंगे वाजायला लागले. ड्रायव्हर खाली उतरून विचारू लागले तर काकाजी म्हणे आज तोल नाही, काटा खोटं बोलून राह्यला.

मी गेले. मला दाखवायला ते पुन्हा काट्यावर चढले, डब्यावर लाल आकडे पेटले, एकशेदहा. मी हसायलाच लागले. म्हटलं, काकाजी, काटा नाही, तुम्ही कमी झालात, अभिनंदन! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळातला तांब्या चोरला. एवढी वर्षं मी एकशेवीस आहे, म्हणाले, माणूस बदलत नसतो, यंत्र बिघडतं. दहा किलो प्रत्येक गाडीमागे कमी म्हणजे शेतकऱ्याच्या कापसात किती झाले, हे मला ते बोटांवर करून दाखवू लागले. बाहेर ड्रायव्हर शिव्या देत होते. दिवसाचा धंदा गेला, पण साखळी सुटली नाही. नागपूरहून मिस्त्री दुपारून आला, गाडीत शिक्क्याची लोखंडी वजनं घेऊन. एकेक वजन काट्यावर ठेवलं, कोपऱ्यात ठेवलं, मधात ठेवलं, आकडे पाहिले. सगळी रांग त्याच्याकडे पाहत उभी होती. मग तो हात झटकून म्हणाला, "काका, काटा चोख हाये. तुमीच उतरले."

ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर काकाजींना उचलून पाहायची तयारी दाखवली. मी आनंदाने नाचायचीच राहिले होते. पण काकाजींचं तोंड एवढंसं झालं. साखळी सोडली, मिस्त्रीचे पैसे दिले, आणि चहा न घेता आत निघून गेले. मिस्त्रीला वजनही करून पाठवलं नाही, यावरून समजा.

त्या आठवड्यात त्यांचं पेन संपायचं होतं, पण ते नवं न्यायला आले नाहीत. पुढच्याही नाही. मला वाटलं, पैशाची अडचण असेल, एवढा दिवस बुडाला. मी जाऊन म्हटलं, काकाजी, माझा नफा सोडते, तुम्ही घेऊन जा. ते चिडले. भावाची गोष्ट काढू नको म्हणाले. महिना गेला. तेव्हा काकींनी मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि सांगितलं की अंगठा पुन्हा ओला झाला आहे, आणि हे काही बोलायला तयार नाहीत. काकींच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग मात्र माझा तोल सुटला. मी बाहेर येऊन त्यांच्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, पाय कापून घ्यायचा असेल तर तसं सांगा, पण कारण सांगा.

त्यांनी आधी वाकून अंगठ्याची पट्टी सारखी केली. मग सांगितलं.

त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण नागपूरला झालं, सातव्या महिन्यातच. पोर झाली ती किलोभराची. काचेच्या पेटीत ठेवलेली, अंगाला नळ्या. काकाजी टनांत बोलणारा माणूस. त्यांच्या काट्यावर ती पोर ठेवली असती तर एक आकडाही पेटला नसता. ते रोज फोन करून फक्त आज किती ग्रॅम, एवढंच विचारायचे. एक दिवस वाढण्याऐवजी कमी झालं. त्या दिवशी ते आपल्या गावच्या मारोतीसमोर जाऊन उभे राहिले आणि नवस बोलले, हिला वजन दे, माझ्या वजनाएवढा गूळ तराजूत तोलून वाटीन. पोर वाढली, घरी आली. नवस फेडायचा तो तिच्या जावळाच्या दिवशी, असं ठरलं होतं. मुलगी-जावई हैदराबादला नोकरीत, सुट्टी दिवाळीला.

"तवा मी एकशेवीस होतो," काकाजी म्हणाले. "त्यानं तं त्याच्याकडलं पुरं देलं. अन् मी पैसे मोजून दहा किलो कमी करून बसलो."

मी म्हटलं, मग एकशेवीस किलो गूळ वाटा, कोणी अडवलं आहे? तर म्हणे ते दान झालं, ते कोणीही करतं. नवसात माणूस पारड्यात बसतो आणि दांडी सरळ व्हावी लागते. आता दांडी सरळ करायची तर गूळ काढावा लागेल, आणि दिवाळीपर्यंत सुया घेतल्या तर आणखी काढावा लागेल. "जलमभर लोकायचा काटा नाई मारला मी. आता मारोतीचा मारू काय?"

 हसावं की रडावं, खरं सांगते, मला कळेना. एक माणूस देवाचा गूळ वाचवायला स्वतःचा पाय द्यायला निघाला होता, आणि वर त्यालाच साखर! काकी दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.  आत गेल्या आणि मुलीला फोन लावला की दिवाळीची वाट पाहू नको, जावई येवो न येवो, तू पोरीला घेऊन ये. नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या की त्या दिवशी बर्फाच्या डब्यात इंजेक्शन घेऊन यायचं, डॉक्टरला विचारून ठेव. डॉक्टर म्हणाले, खंड पडला आहे, तेव्हा पुन्हा लहान मात्रेपासून सुरू करा, पण करा.

मारोतीच्या देवळासमोर कडुनिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगला होता. न्हाव्याने नातीचं जावळ काढलं, तिने गाव डोक्यावर घेतलं. एका पारड्यात दहा-दहा किलोच्या बारा भेली, म्हणजे ढेपा, रचल्या. गुळाच्या वासाने माश्या आणि पोरं दोन्ही गोळा झाली. काकाजी दुसऱ्या पारड्यात बसले, अंगठ्याला पांढरी पट्टी. गुळाचं पारडं जमिनीला टेकलेलंच राहिलं आणि काकाजी वीतभर वर हवेत. लोक हसले. गुरव म्हणाला, एक भेली काढतो, दांडी लागते बराबर. काकाजी म्हणाले, हात लावशील तर पाहा. आणि तसेच हवेत बसून राहिले, मान खाली घालून. त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. मुलगी बाबा, बाबा म्हणत होती, तर तिच्याकडे ते पाहीनात.

तेव्हा काकी पुढे आल्या. नातीला लेकीच्या कडेवरून उचललं, ती टक्कल केलेली, गुबगुबीत, रडून लाल झालेली पोर, आणि काकाजींच्या मांडीवर नेऊन ठेवली. म्हणाल्या, "ज्याच्यासाठी मागतलं थे घ्या मांडीवर. अन् आता पाहा दांडी."

पारडं खाली आलं. दांडी हलली, डोलली, थोडी गुळाकडे झुकून थांबली. काकींनी नारळ उचलून काकाजींच्या पारड्यात ठेवला. दांडी सरळ झाली.

 काकाजी दांडीकडे पाहत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जसे ते आयुष्यभर पाहत आले. मग त्यांनी नातीच्या टकलावर हात ठेवला आणि लेकीला म्हणाले, "माहं गेलं थे हिले आलं वं. कमी नाई झालं काई." आणि ते रडले, अगदी मोठ्याने, सगळ्या गावासमोर. मीही रडले, मला काय लाज.

गुळाचे खडे फोडायला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी मला विचारलं, सुई आणली काय. मी डबा उघडला. लेकीने नातीला उचलून घेतलं, तसे काकाजी पुन्हा वर गेले, नारळासकट. गुरवाने पारडं धरायला हात पुढे केला तर त्यांनी नको म्हटलं. वर बसूनच सदरा उचलला, काकींच्या पदराची वाट न पाहता पेन पोटाला लावलं, आणि पाय हलवत मला म्हणाले, "मेडिकल, डॉक्टरले इचार, मोठी सुई कवापासून द्याची थे. आता मी किती उतरलो तरी कोणाचं काई जात नाई."